लोकवर्गणीची शाळा : अमेरिकेतील रोझेनवाल्ड शाळागृहांचा इतिहास आणि वास्तुरचना

शाळेची इमारत हेही इतिहासाचे एक साधन असते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनाही उशिराच उमगते. ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे यांतून आपण भूतकाळ शोधतो. परंतु ज्या भिंतींच्या आत आपण पहिली मुळाक्षरे गिरवली त्या भिंती कोणी उभ्या केल्या, त्यांसाठी पैसा कोठून आला, खिडक्या याच बाजूला का ठेवल्या, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न आम्ही एका दूरदेशीच्या शाळागृहाला विचारणार आहोत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जी शाळागृहे बांधली गेली, ती 'रोझेनवाल्ड शाळा' या नावाने ओळखली जातात.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या समाजाच्या प्रश्नाविषयी आपली आस्था कळविली आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्या समाजाने केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ज्यांच्या मुक्तीकडे जोतीरावांचे लक्ष होते आणि ज्यांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते, त्यांच्या लेकराबाळांची शाळा कशी होती, हे जाणून घेणे आपल्याला परके वाटू नये.

मुक्तीनंतरची स्थिती

अमेरिकेत गुलामगिरीची प्रथा १८६५ साली घटनादुरुस्तीने नष्ट झाली. गुलामीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे मुक्त झालेल्या माणसांनी सर्वांत आधी ज्या गोष्टींची मागणी केली त्यांत जमीन आणि शाळा या दोन गोष्टी होत्या. जमीन बहुतेकांना मिळाली नाही. शाळा मिळाली, पण ती कशीबशी. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे परंतु समान' हे तत्त्व ग्राह्य धरले. वेगळेपणाची अंमलबजावणी काटेकोर झाली, समानतेची मात्र झाली नाही. १९३० च्या सुमारास अलाबामा राज्यात गोऱ्या मुलामागे वर्षाकाठी सुमारे ३७ डॉलर खर्च होत, तर कृष्णवर्णीय मुलामागे ७ डॉलर. खेड्यांतील कृष्णवर्णीय मुले चर्चच्या बाकांवर, पडक्या झोपड्यांत किंवा एखाद्याच्या कोठारात शिकत. कापसाच्या लावणीचा आणि वेचणीचा हंगाम आला की शाळा बंद होत असे. कित्येक ठिकाणी ती वर्षातून चार-पाच महिनेच भरे.

कर मात्र कृष्णवर्णीयही भरत होते. त्या करातून शेजारच्या गोऱ्या वस्तीची शाळा बांधली जाई. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील हिशेब तिच्यावाचून समजणार नाही.

टस्कगीची योजना

बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलामीत जन्मलेले. अलाबामातील टस्कगी येथे १८८१ साली सुरू झालेल्या संस्थेचे ते पहिले प्रमुख होते. तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून आपल्या संस्थेच्या इमारती बांधल्या. १९११ साली वॉशिंग्टन यांची शिकागोतील ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्याशी भेट झाली. रोझेनवाल्ड हे जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातील व्यापारी. टपालाने माल पाठविणाऱ्या सिअर्स रोबक या प्रचंड पेढीचे ते अध्यक्ष होते. १९१२ साली पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी टस्कगीला २५,००० डॉलरची देणगी दिली. तिच्यातून काही रक्कम शिल्लक राहिली. ती टस्कगीच्या आसपासच्या खेड्यांत सहा लहान शाळागृहे बांधण्यासाठी वापरू द्यावी, अशी विनंती वॉशिंग्टन यांनी केली आणि रोझेनवाल्ड यांनी ती मान्य केली.

या सहांपैकी पहिले शाळागृह १९१३ साली अलाबामातील लोचापोका या खेड्यात पूर्ण झाले. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेही याच वर्षी. लोचापोकाचा हिशेब उपलब्ध आहे आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यांपैकी रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर आणि गावातील गोऱ्या लोकांचे ३६० डॉलर. कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी १५० डॉलर रोख दिले आणि १३२ डॉलर ५० सेंट किमतीची मजुरी केली. मजुरीची किंमत हिशेबात स्वतंत्र मांडली गेली, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याचा घामही देणगीच होय, ही मान्यता त्या एका नोंदीत आहे.

वॉशिंग्टन १९१५ साली वारले, परंतु योजना वाढत गेली. १९१७ साली रोझेनवाल्ड यांनी स्वतंत्र निधी स्थापन केला. १९२० पासून शाळाबांधणीचे कामकाज टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथून चालू लागले. १९३२ साली बांधणीचा कार्यक्रम थांबला तेव्हा १५ राज्यांत ४,९७७ शाळागृहे, शिक्षकांसाठी २१७ घरे आणि १६३ कार्यशाळा अशा एकूण ५,३५७ वास्तू उभ्या होत्या. दक्षिणेतील ग्रामीण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश या शाळागृहांत सामावू शकत होते.

पैसा कोणाचा?

या सर्व वास्तूंवर मिळून २ कोटी ८४ लाख डॉलर खर्च झाले. त्याची विभागणी अशी : सरकारी करातून १ कोटी ८१ लाख, कृष्णवर्णीय जनतेकडून ४७ लाख २६ हजार, रोझेनवाल्ड निधीतून ४३ लाख ६७ हजार आणि गोऱ्या देणगीदारांकडून १२ लाख १२ हजार.

हे आकडे आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थ्यांना विचारतो, "या शाळांना कोणाचे नाव मिळाले?" मुले सांगतात, रोझेनवाल्ड यांचे. मग विचारतो, "त्यांच्यापेक्षा अधिक कोणी दिले?" वर्ग थोडा वेळ शांत राहतो. कापूस वेचणाऱ्या, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या, बहुतांशी कर्जात बुडालेल्या माणसांनी त्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या निधीहून अधिक रक्कम उभी केली होती. शिवाय सरकारी कराच्या रकमेतही त्यांचा वाटा होताच. म्हणजे एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले, एकदा कर म्हणून आणि एकदा वर्गणी म्हणून.

ही वर्गणी कशी जमली, याच्या हकिकती नोंदल्या गेल्या आहेत. कोणी शेतातला एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यातला कापूस दिला. बायकांनी कोंबड्या आणि अंडी विकली, घरचे जेवण रांधून त्याची विक्री केली. पुरुषांनी झाडे तोडून ओंडके गिरणीपर्यंत ओढत नेले. अलाबामातील बोलिजी गावच्या सभेत गुलामी भोगलेला एक म्हातारा उठला, त्याने खिशातून तेलकट मळकी पिशवी काढली आणि जन्मभराची सारी शिल्लक टेबलावर ओतली. सुटी नाणी आणि नोटा मिळून ती ३८ डॉलर भरली.

रोझेनवाल्ड यांच्या औदार्याला उणेपणा आणावा, असा आमचा हेतू नाही. आपला निधी आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत खर्चून टाकावा, असा दंडक त्यांनी घातला होता आणि त्याप्रमाणे तो १९४८ साली संपलाही. स्वतःच्या नावाचे स्मारक चिरंतन ठेवण्याचा मोह त्यांनी टाळला. तरीही इतिहासकाराने आकडे जसे आहेत तसेच मांडले पाहिजेत.

इमारत कशी होती?

या शाळागृहांचे पहिले आराखडे टस्कगीत तयार झाले. ते करणाऱ्यांत रॉबर्ट टेलर प्रमुख होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून १८९२ साली वास्तुशास्त्राची पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय वास्तुविशारद. १९१५ साली टस्कगीने हे आराखडे पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. पुढे नॅशव्हिलमध्ये सॅम्युएल स्मिथ यांच्या देखरेखीखाली एकशिक्षकी शाळेपासून अनेक खोल्यांच्या शाळेपर्यंत निरनिराळे आराखडे तयार झाले. गावातला साधा सुतारही ते वाचून काम करू शकेल, इतके ते सुबोध होते. गोऱ्यांच्या शाळांसाठीही त्यांचा उपयोग केला गेला.

या वास्तूचा प्राण म्हणजे तिच्या खिडक्या. खेड्यात वीज नव्हती. अभ्यास व्हायचा तो दिवसाच्या उजेडातच. म्हणून वर्गाच्या एका लांब भिंतीत पाच-सहा उंच खिडक्या एकमेकींना लागून ओळीने बसविल्या जात. त्यांची तावदाने वरखाली सरकत. आराखड्यावर स्पष्ट लिहिलेले असे की, अमुक आराखडा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या जागेसाठी आहे आणि तमुक दक्षिणोत्तर जागेसाठी. इमारत रस्त्याकडे कशीही वळली तरी वर्गांच्या खिडक्यांना पूर्वेचा किंवा पश्चिमेचा प्रकाश मिळालाच पाहिजे, हा त्यामागचा कटाक्ष होता. बाके अशी मांडायची की प्रकाश मुलांच्या डाव्या बाजूने यावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये, इतका बारीक विचार त्यात होता.

प्रकाशाखालोखाल विचार हवेचा. आतल्या भिंतींत उंचावर लहान खिडक्या ठेवीत, म्हणजे दक्षिणेच्या दमट उन्हाळ्यात वारा इमारतीतून आरपार वाहत राही. लाकडी जमीन विटांच्या आखूड खांबांवर उचललेली असे. खालून हवा खेळल्याने लाकूड ओलीने कुजत नसे. बाहेरच्या भिंती आडव्या फळ्यांच्या, प्रत्येक वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढविलेली, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नसे. थंडीसाठी वर्गात लोखंडी शेगडी असे आणि तिच्यासाठी सरपण मुले आणि पालक आणून देत.

रंगही ठरवून दिलेले होते. भिंतीचा खालचा भाग गडद, कारण तेथे मुलांचे हात लागतात. वरचा भाग फिकट पिवळसर आणि छत त्याहून उजळ, म्हणजे आलेला प्रकाश परतून खोलीभर पसरे. बाहेरून पांढरा, करडा किंवा तपकिरी रंग लावीत. ज्या वस्तीतील घरांना कधी रंगाचा हात लागला नव्हता तेथे ही रंगविलेली, काचेच्या खिडक्यांची इमारत उठून दिसत असे.

दोन शिक्षकांच्या शाळेत दोन वर्ग शेजारी शेजारी असत आणि मधली भिंत सरकवता किंवा दुमडता येई. ती बाजूला केली की दोन वर्गांचे एक सभागृह होई. त्यात पालकांच्या सभा, मुलांची नाटके, प्रौढांचे वर्ग भरत. पुढच्या बाजूस कोट आणि डबे ठेवण्याच्या लहान खोल्या आणि हस्तव्यवसायाची एक खोली असे. शाळेसाठी किमान दोन एकर जागा, मुलामुलींसाठी वेगवेगळे संडास, ठरावीक बाके आणि फळे, आणि किमान पाच महिन्यांचे सत्र, अशा निधीच्या अटी होत्या. इमारत पूर्ण झाली की ती सरकारी शाळा-व्यवस्थेच्या मालकीची करावी लागे. ही अट वरकरणी कठोर वाटते, परंतु तिच्यामुळे त्या शाळेचा शिक्षक आणि तिची देखभाल ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरली. दान हे हक्काच्या जागी नव्हे, तर हक्काकडे जाण्याची पायरी म्हणून यावे, असा हा विचार होता.

मर्यादा

अभ्यासकाने गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. या योजनेने वेगळेपणाच्या व्यवस्थेला हात लावला नाही. हस्तव्यवसायाची खोली प्रत्येक आराखड्यात होती, कारण कृष्णवर्णीयांनी मुख्यतः हातकाम शिकावे ही वॉशिंग्टन यांची भूमिका होती. ड्यूबॉइस यांनी १९०३ सालीच तिच्यावर कठोर टीका केली होती. उच्च शिक्षण आणि मताचा अधिकार यांवाचून केवळ कारागिरीने माणूस स्वतंत्र होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी आयुष्यभर उच्च शिक्षणाचा जो आग्रह धरला, तो पाहता या वादात आपले मन कोणत्या बाजूला झुकते हे सांगायला नको. मालकी सरकारकडे गेल्याने शाळेवरचे नियंत्रणही गोऱ्यांच्या मंडळांकडे गेले. गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली पुस्तके येथे येत, आणि गोरी मुले बसमधून जात असता ही मुले मैलोगणती पायी चालत.

तरीही त्या खोल्यांतून काय बाहेर पडले ते पाहावे. लेखिका माया अँजेलो आर्कान्सातील अशाच एका शाळेत शिकल्या. नागरी हक्कांच्या लढ्यातील अग्रणी आणि पुढे संसद-सदस्य झालेले जॉन लुईस हे अलाबामातील रोझेनवाल्ड शाळेचे विद्यार्थी. शिकागोच्या मध्यवर्ती बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, त्या काळात दक्षिणेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणातील अंतर कमी होण्यात या शाळांचा मोठा वाटा होता.

समानता आली, शाळा गेली

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्याचा निकाल दिला आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. हा कृष्णवर्णीयांचा फार मोठा विजय होता. परंतु प्रत्यक्षात शाळांचे एकत्रीकरण झाले तेव्हा बहुतेक ठिकाणी बंद झाली ती कृष्णवर्णीयांचीच शाळा. हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. खिडक्यांची तावदाने फुटली, कोठे गवत भरले, कोठे इमारत विकली गेली, कोठे जळून गेली. आज त्या पाच हजारांपैकी दहातील एखादीच वास्तू उरली असावी. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा संस्थेने या शाळांचा समावेश सर्वाधिक धोक्यातील वारसास्थळांत केला. तेव्हापासून अनेक गावांत माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा वर्गणी काढून त्या दुरुस्त केल्या. ज्यांच्या आजोबांनी झाडे तोडून शाळा बांधली त्यांच्या नातवंडांनी तिचे छप्पर पुन्हा शाकारले. कोठे तेथे संग्रहालय आहे, कोठे समाजमंदिर.

भेदभावाच्या काळातील वास्तू कशासाठी जपायची, असे तेथेही काहींनी विचारले. आमच्या मते त्या वास्तूत दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. एक अन्याय, आणि दुसरी त्या अन्यायाखाली दबूनही आपल्या लेकरांसाठी खिडकी मोठी ठेवणाऱ्या माणसांची जिद्द. इमारत पाडली तर अन्यायाची खूण पुसली जाते, आणि तिच्याबरोबर जिद्दीचा पुरावाही.

आपल्यासाठी बोध

आता आपल्या अंगणात येऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलेल्या वाचकांनी तेथील स्तंभांवरील आणि भिंतींवरील ब्राह्मी लेख पाहिले असतील. त्यांत धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराची नोंद आहे. त्याने द्वाराचे काम केले. राजेरजवाड्यांच्या आणि श्रेष्ठींच्या नावांबरोबर एका सुताराचे नाव सुमारे दोन हजार वर्षे त्या दगडावर टिकून आहे. धम्माच्या परंपरेत दात्याचे मोल त्याच्या धनावरून ठरत नाही, याचा याहून स्पष्ट लेखी पुरावा कोणता? बोलिजीच्या त्या म्हाताऱ्याची ३८ डॉलरची हकिकत उरली, पण आज त्याचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक असेल. सामीचे नाव मात्र आजही वाचता येते. नोंद ठेवणारा असतो तेथे आणि नसतो तेथे केवढा फरक पडतो, तो येथे दिसतो.

आपल्या विद्यालयाच्या या महोत्सवी वर्षात नव्या इमारतीची चर्चा चालू आहे आणि तिच्यासाठी वसतिगृहाची जुनी, पत्र्याच्या छपराची खोली पाडावी लागेल असे बोलले जाते. नवी इमारत व्हावी, याविषयी आमच्या मनात दुमत नाही. मुलांना प्रकाश आणि हवा मिळाली पाहिजे. परंतु त्या जुन्या खोलीत पहिली तुकडी चटयांवर झोपली होती. तिच्या भिंती कोणत्या वस्तीतील गवंड्यांनी रोजगार बुडवून बांधल्या, कोणत्या मातांनी दर महिन्याला पायलीभर ज्वारी पोहोचवली, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. नव्या इमारतीच्या दर्शनी भागी मोठ्या देणगीदारांची संगमरवरी पाटी लागेल आणि ते योग्यच आहे. तिच्या शेजारी मजुरीच्या दिवसांची आणि धान्याच्या मापांचीही पाटी लागावी, एवढीच आमची विनंती.

त्यासाठी माजी विद्यार्थ्यांना आम्ही एक गृहपाठ देत आहोत. शिक्षकाची सवय जात नाही, क्षमस्व. आपल्या गावी गेल्यावर घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसापाशी बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. शाळेला आपल्या घरातून काय गेले? ते कोणी नेऊन दिले? त्या वेळी घरात खायला काय होते? उत्तरे तारखेसह लिहून काढावीत आणि शाळेकडे पाठवावीत. जुनी खोली राखायची की पाडायची याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. मात्र हा हिशेब पूर्ण होईपर्यंत तिच्या भिंतीला पहार लागू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

लोचापोकाच्या वहीत १३२ डॉलर ५० सेंट किमतीची मजुरी नोंदलेली आहे. आपल्या वहीतील ते पान अजून कोरे आहे. ते भरणे आपल्याच हाती आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!